आज कुणाची आई?

“हे आईला चालंल का?”

एवढं म्हणून ते पोराच्या खांद्यावरून वाकायचे, पडद्याकडे बघायचे आणि उत्तराची वाट न बघता मॉनिटरचं बटण दाबायचे. पोरगं क्रिकेटचा स्कोअर बघत असो, नटीचा फोटो बघत असो, नाहीतर खरोखरच अभ्यास करत असो. प्रश्न एकच आणि बटणही एकच.

पोरं त्यांना दरोगा म्हणायची. आम्ही शिक्षक त्याबद्दल पोरांना रागवायचो आणि स्टाफरूममध्ये स्वतः तेच म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. “दरोगा म्हणा, हरकत न्हाई. साहेब लावा मात्र,” एवढीच त्यांची अट होती. म्हणून ते दरोगासाहेब झाले.

तुमच्याही शाळेत असा एकजण असेल, बघा आठवून. नवीन काहीही आलं की ते त्याच्या गळ्यात मारायचं. पोषण आहाराची खिचडी आली, द्या त्यांना. हात धुवा दिन आला, द्या त्यांना. दरोगासाहेब मुळात कार्यानुभवाचे शिक्षक. सुतळीची पायपुसणी आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरं यांत त्यांची निम्मी नोकरी गेली होती. लातूरजवळच्या आमच्या सरकारी शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा खोलीला कुलूप नीट कोण लावतं, एवढं बघून मुख्याध्यापकांनी त्यांना संगणक कक्षाचे प्रमुख करून टाकलं.

पुढे इंटरनेट आलं आणि त्याच्यामागून वरून आदेश आला: आक्षेपार्ह मजकूर विद्यार्थ्यांच्या नजरेस पडता कामा नये. आक्षेपार्ह म्हणजे काय ते आदेशात नव्हतं. सोबत एक सॉफ्टवेअर दिलं होतं. नको असलेल्या साइट त्यात घातल्या की त्या उघडत नसत. त्याचा पासवर्ड फक्त दरोगासाहेबांकडे.

“जे जे वाईट असेल ते घाला,” मुख्याध्यापक म्हणाले.

“घालतो की सर. पण वाईट शोधायचं म्हणजे मला आधी ते बघावं लागंल. ह्या वयात?”

मुख्याध्यापकांनी फाइल उघडून तोंड तिच्यात घातलं. अडचणीचा प्रश्न आला की ते नेहमीच असं करत.

मग दरोगासाहेबांनी जी शक्कल लढवली ती आख्ख्या जिल्ह्यात कुणी लढवली नसेल. शाळेत माता-पालक संघ होता. वर्षातून एकदा त्याचं हळदीकुंकू व्हायचं, बाकी कागदावर. त्यांनी त्या बायकांना नंबर लावून दिले. रोज एका आईने संगणकाच्या खोलीत मागच्या भिंतीला खुर्ची टाकून बसायचं आणि तिला जे खटकेल ते बंद. “सॉफ्टवेअर परक्या मुलखातलं हाय, मॅडम. त्याला आपल्या पोरांची काय वळख? आईला वळख असती,” ते मला म्हणाले.

बायका आल्या. कुणी तूर निवडायला घेऊन आली, कुणी वाती वळायला. बुरख्यातल्या एक बाई शर्टांना काजं करत बसायच्या आणि सुईवरची नजर न हलवता म्हणायच्या, “सर, तिसरं मशीन.” त्यांना कसं कळायचं ते त्यांनाच ठाऊक. एकीने क्रिकेट बंद केलं, कारण पोरगा गणितात नापास झाला होता. दुसरीने केकची कृती बंद केली. म्हणाली, “घरी भट्टी न्हाई, काही न्हाई, उगं जीव जाळायचा.” एकीला सिनेमाची गाणी आवडायची. तिचा नंबर असला की खोली खच्चून भरायची. दुसऱ्या दिवशीची आई सगळी गाणी बंद करायला लावायची. मी मराठी शिकवते. एकदा मी मधल्या सुट्टीत राशिभविष्य बघत बसले होते, तर एका माउलीने माझंही मशीन बंद करायला लावलं. दरोगासाहेबांनी मुकाट्याने बटण दाबलं. मला अजून त्याचा राग आहे.

पोरं काय, लगेच तयार झाली. सकाळी फाटकातून आत येताना एकच चौकशी: “आज कुणाची आई हाय बे?”

आता लातूर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तिथल्या ट्यूशन एरियात पोरं डॉक्टर व्हायला येतात. दर खांबावर पहिल्या आलेल्यांचे फोटो लटकलेले. आमच्या शाळेतल्या पोरांना ते फोटो एस.टी.च्या खिडकीतून दिसायचे, तेवढाच त्यांचा आणि ट्यूशनचा संबंध. त्यात आमच्याकडे जीवशास्त्राची जागा रिकामी. बारावीत एक मुलगी होती, चार म्हशींच्या दुधावर चाललेल्या घरातली. डॉक्टर व्हायचं म्हणून हटून बसलेली. ट्यूशन परवडत नाही आणि शाळेत शिकवायला कुणी नाही, म्हणून ती रोज दुपारी नेटवरची फुकटची लेक्चरं बघायची. दरोगासाहेब तिच्यासाठी बरं चालणारं एक मशीन राखून ठेवायचे. दुसरं कुणी त्यावर बसायला लागलं तर म्हणायचे, “त्याच्यात करंट हाय.”

एक दिवस तिच्याच आईचा नंबर आला. लेक कानाला हेडफोन लावून बसलेली आणि पडद्यावर एक अनोळखी बाप्या फळ्यावर बाईच्या पोटातलं गर्भाशय काढून दाखवतोय. धडा मानवी प्रजननाचा. परीक्षेत भरपूर मार्कांचा. आई उठली, लेकीच्या मनगटाला धरलं आणि दारापर्यंत गेली. तिथे वळून म्हणाली, “सर, आईला चालंल तेच दाखवायचं, हे तुमचंच म्हणणं ना? मला न्हाई चालत.”

दरोगासाहेबांनी जाऊन त्या मशीनचं बटण दाबलं. स्वतःच्याच नियमात असा अडकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मुलगी शाळेत यायची थांबली. तिसऱ्या दिवशी कळलं, घरात स्थळं बघणं सुरू झालंय. मुख्याध्यापकांनी लगेच तो धडाच्या धडा नेटवर बंद करायला सांगितला. दरोगासाहेब “हाव सर” म्हणाले आणि संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “मॅडम, चला माझ्यासंगं. अशा बोलण्याला बाईमाणूस पायजे.”

गेलो. अंगणात गाभण म्हैस बांधलेली. मुलगी शेणाची पाटी घेऊन उभी. दरोगासाहेबांना विषयाचं नाव तोंडातून काढवेना. घसा खाकरून ते म्हशीकडे वळले. “व्यायला झाली वाटतं, ताई?”

ताईंची कळी खुलली. म्हैस कधी भरवली, मागून कशी ढिली पडलीय, सडं कशी भरलीत, मागच्या खेपेला रेडकू आडवं आलं तेव्हा हात घालून कसं फिरवलं, सगळं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

“बघा, पोरीसमोरच बोललात ना एवढं? त्या पडद्यावर हेच सांगून राहिला होता तो. निस्तं म्हशीच्या जागी माणूस.”

“म्हशीचं येगळं हाय, सर. म्हशीला लाज असती व्हय?”

मला हसू फुटलं. दरोगासाहेब हसले नाहीत. ते खाली ओट्यावर बसले.

“ताई, माझी बायको भूकंपाच्या साली गेली.”

हे आम्हाला माहीत होतं. घराखाली गेली असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कुणी कधी विचारलं नव्हतं.

“भूकंपातून वाचली होती. पत्र्याच्या शेडमधी राहत होतो आम्ही. दिवस भरत आले होते. एकाएकी पोट दुखाया लागलं, रगत जाया लागलं. बाहेरून आलेले डॉक्टर होते की, समोरच तंबू. पण सारे बाप्ये. शेडमधल्या बायांनी कडं केलं. हिंदू काय, मुसलमान काय, साऱ्याजणी. बाप्या आत येणार न्हाई म्हणल्या. माझी अम्मी तर दारातच बसली. डॉक्टर बाहेरून मला विचारून राहिला, कुठं दुखतंय, किती जातंय, पाणी गेलं का. मी मधी उभा. मला त्यातलं काहीच ठावं न्हाई. मी त्याला काय सांगू?”

म्हशीने शेपटी हलवली.

“अम्मीला न्हाई चाललं. आणि मी आईचं ऐकलं,” ते म्हणाले. “लेकरूबी गेलं.”

मला त्या क्षणी या माणसाला आजवर दिलेली सगळी नावं परत घ्यावीशी वाटली. ताईंनी लेकीच्या हातातली शेणाची पाटी घेऊन खाली ठेवली. मग म्हणाल्या, “उद्या माझा नंबर न्हाई. पण मी येते. पोरगी जे बघल ते मी बघणार. सगळं.”

“बसा, ताई.”

दुसऱ्या दिवशी दरोगासाहेबांनी पासवर्ड घालून एकाच मशीनवर तो धडा उघडला आणि स्वतः बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून बसले. आत मायलेकी एकच हेडफोन दोघींत वाटून घेऊन बघत होत्या. ऐन मोक्याला नेट अडकलं. आतून ताईंचा आवाज आला, “सर, हे एवढ्यावरच काहून थांबलं? फुडं काय?” पायरीवर दरोगासाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी उठून वायर हलवून दिली आणि पुन्हा पाठ केली.

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, “मॅडम, पाच लेकरं झाली मला, दोन गेली. आत काय असतं, ते आज बघितलं.”

मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली. मुख्याध्यापकांनी दरोगासाहेबांना कारणे दाखवा नोटीस दिली. बंद केलेला मजकूर उघडलाच कसा? त्यांनी एका ओळीत उत्तर लिहिलं, विद्यार्थिनीच्या आईच्या समक्ष उघडला. चावी काढून घेतली गेली, आयांची खुर्ची उचलली गेली आणि ते पुन्हा पायपुसण्यांवर आले. तिथूनच रिटायर झाले आणि देगलूरला, अम्मीच्या माहेरी, राहायला गेले. आता ते नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. मुलीचं पहिल्या वर्षी हुकलं. दुसऱ्या वर्षी नांदेडला मेडिकलला नंबर लागला, तेव्हा पेढे घेऊन तिने मला सोबत नेलं. दरोगासाहेबांनी पेढ्याचा पुडा घेतला, पण फोडला नाही. तिला हाताने खूण करून आतल्या खोलीत नेलं. खाटेवर त्यांची अम्मी होती. फार म्हातारी, डोळ्यांनी दिसत नव्हतं.

“अम्मी, ये डाक्टर बनरी,” ते तिच्या कानाशी म्हणाले. “औरतों की डाक्टर.”

म्हातारीने हवेत हात फिरवला. मुलीने तो धरला. म्हातारीने तिचा पंजा दोन्ही हातांत घेऊन चाचपला, बोटं एकेक करून बघितली.

“आयी बेटी?” ती म्हणाली. “कित्ती देर लगाई.”

आणि हात सोडेना. दरोगासाहेब “चाय रखता हूँ” म्हणून स्वयंपाकघरात गेले. स्टोव्हचा आवाज आला, तो कितीतरी वेळ येत राहिला. चहा काही आला नाही. आम्ही मागितलाही नाही.