बाळकुमचा आयतवार

शनिवारी पहाटे घर सोडताना आप्पांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोहोच. रविवारी प्रवास नको. दुसरी, दानीएलच्या घरी जे पाहशील ते जसेच्या तसे मला येऊन सांग. पदरचे काही घालू नकोस आणि भाऊ म्हणून काही गाळूही नकोस.

आप्पा म्हणजे माझे वडील. नगरजवळच्या आमच्या गावात त्यांनी तीस वर्षे पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) म्हणून ख्रिस्ती मंडळी सांभाळली. आमच्या घरी शनिवारी संध्याकाळीच रविवारच्या भाकरी भाजून होत, पाणी भरून होई, जोडे पुसून दाराशी लागत. रविवारी चूल पेटत नसे. सुईत दोरासुद्धा ओवला जात नसे. माझा धाकटा भाऊ दानीएल ठाकुर्लीच्या वीजघरात नोकरीला लागला आणि तिथे रविवारचीही पाळी असते असे कळले, तेव्हापासून आप्पांची त्याला जाणारी पत्रे दोन ओळींवर आली. आता दानीएलला मुलगी झाली होती, पाच महिन्यांची. तिचा बाप्तिस्मा आजोबांच्याच हातून व्हावा, असे त्याने लिहिले. आप्पांनी उत्तर धाडले नाही. मला एवढेच म्हणाले, "जो प्रभूचा दिवस विकतो, त्याच्या लेकराच्या कपाळाला मी कोणत्या तोंडानं पाणी लावू?"

मी गावच्या शाळेत शिक्षिका. दोन दिवसांची रजा टाकली आणि निघाले. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

दौंडला गाडी बदलली. घाटात ढग अगदी खिडकीशी आले आणि माझ्या डब्यातल्या एका म्हाताऱ्याने मला न विचारताच खिडकी लावून घेतली. त्यामुळे घाट मी पाहिला तो त्याच्या पागोट्याच्या वरून, अर्धाच. कल्याणला उतरले तेव्हा उन्हे कलली होती. फलाटावर सिंधी बायका पापड विकत होत्या आणि त्यांच्या पलीकडे दानीएल उभा होता. वाळला होता. मला पाहून लहानपणीसारखा धावत आला.

"ताई, आप्पा कसे आहेत?"

"बरे आहेत. गुडघा दुखतो."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"म्हणाले, बघून ये."

तो हसला आणि माझी पिशवी उचलून चालू लागला.

डोंबिवली तेव्हा लहान होती. स्टेशनाबाहेर आलो की भाताची शेते, विहिरी, मध्येच एखादी नवी चाळ. दानीएलच्या दोन खोल्या अशाच एका चाळीत होत्या. भावजय रूथने दारातच मला सलाम केला आणि बाळ माझ्या हातात दिले. ते बाळ माझ्याकडे इतके निरखून पाहू लागले की मला वाटले, आप्पांनी मला तपासायला पाठवले आहे तसे याला कोणी पाठवले असावे.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे पाचला दानीएल डबा घेऊन कामावर गेला. भावाला रविवारी डबा नेताना मी पहिल्यांदाच पाहिले. रूथ म्हणाली, "वन्सं, आपल्या पंथाचं देऊळ इथे जवळपास नाही. ठाण्याजवळ बाळकुमला माझी मैत्रीण आहे, मेरीबाय. तिचा नवरा यांच्याबरोबरच कामाला आहे. ती माणसं कॅथलिक, पण त्यांच्या देवळात जाऊ या का?"

रविवारचे तिकीट मी जन्मात काढले नव्हते. उपासनेला जाण्याचा प्रवास हा प्रवासात धरत नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली आणि गाडीत बसले. मुंब्र्याची खाडी लागली तेव्हा रूथ हळूच म्हणाली, "या गाडीला वीज आपल्याच माणसांनी पुरवलीय बरं का."

ठाण्याहून टांग्याने बाळकुम. खाडीकाठचे गाव, कौलारू घरे, दारात क्रूस, अंगणात जाळी वाळत टाकलेली. बायका लाल चौकड्यांची लुगडी नेसून देवळाकडे निघाल्या होत्या. मेरीबाय चाळिशीची, ठसठशीत. "ये बाय, आयतवार हाय (रविवार आहे), उभी काय ऱ्हातेस?" म्हणत तिने माझा हातच धरला.

आत सगळी प्रार्थना लॅटिनमध्ये. मला एक अक्षर कळेना. प्रवचन मात्र मराठीत झाले. पाद्री वसईकडचे होते. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारले, "दहा आज्ञांतली चौथी आज्ञा तुमच्याकडे कशी पाळतात?"

"चौथी? आईबापांचा मान राखावा ती?"

"नाही, विसाव्याच्या दिवसाची."

"ती तिसरी," ते म्हणाले. मग आम्ही दोघेही बोटे मोजू लागलो. त्यांची मोजणी वेगळी, आमची वेगळी. आज्ञा दोन्हीकडे दहाच भरल्या. ते हसून म्हणाले, "आकडा कोणताही असो, ती पाळणं सारखंच कठीण."

त्यांचा रविवार मला भलताच वाटला. घरोघरी चुली धडधडत होत्या. मेरीबायने फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) केले होते, बाटलीत भरून ठेवलेल्या मसाल्याचे मटण होते. बाहेर पोरे चेंडू खेळत होती, कोणी वाद्य वाजवत होते. आमच्या घरचा रविवार म्हणजे शांतता. मी अवघडून बसले. पण फुगे इतके हलके झाले होते की चौथा मी स्वतःहून मागून घेतला.

जेवण उरकत होते तोच देवळाची घंटा वाजू लागली. वेळेची नव्हती ती. थांबेचना.

"खांड पडली!" बाहेरून कोणी ओरडले. "बांद फुटला! खारं पानी शेतान शिरलं!"

कोजागिरीचे उधाण होते. खाडीच्या काठाने मातीचा बांध आणि त्याच्या आत गावाची भातशेती, असे तिथे असते. त्या बांधाला भगदाड पडले होते. भात पिकत आले होते, पंधरा दिवसांत कापणी. खारे पाणी शिरले की ते पीक जाते आणि जमीन पुढची दोन-तीन वर्षे पीक धरत नाही, हे मेरीबायने लुगडे खोचता खोचता मला सांगितले. गावातले बरेच तरुण गिरण्या-कारखान्यांत रविवारच्या पाळीला गेलेले. उरली म्हातारी माणसे आणि बाया.

सगळे आधी देवळाशी गेले. मला वाटले, प्रार्थना करतील. एक म्हातारा टोपी काढून म्हणाला, "फादर, आज आयतवारी काम करायची परवानगी द्या."

"दिली," पाद्री म्हणाले. त्यांनी पायघोळ झगा कमरेशी बांधला. "मलाही एक घमेलं द्या."

रूथ बाळापाशी थांबली. मेरीबाय मला म्हणाली, "तू पावनी, तू बस." मी बसले. घंटा वाजतच होती. शेतात कोणी मागे-पुढे पाहत नव्हते आणि मी ओसरीवर हात मांडीवर ठेवून प्रभूचा दिवस पाळत होते. त्या स्वच्छ हातांची मला लाज वाटली. मी उठले, पदर खोचला आणि बांधाकडे गेले.

भगदाडात सात-आठ म्हातारे छातीभर पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे होते, त्यांच्यापुढे खुंट ठोकायचे काम चालले होते. बायांची रांग चिखलाची घमेली पुढे सरकवत होती. मेरीबायच्या आणि पाद्रींच्या मध्ये मी उभी राहिले. दुसऱ्याच घमेल्याला माझी एक चप्पल चिखलाने गिळली. किती वेळ गेला ठाऊक नाही. हाताची सालटी निघाली. एकदा पाद्रींनी विचारले, "बाई, थकलात?" मी म्हटले, "रविवारी काम करायची सवय नाही." ते इतके मोठ्याने हसले की रांगच थांबली आणि मेरीबाय त्यांच्यावर खेकसली.

अखेर ओहोटी लागली, पाणी ओढ घेऊ लागले आणि खांड बुजली. कडेचा एक तुकडा गेला, बाकी भात वाचले. कोणी आरोळी ठोकली नाही. सगळे तिथेच बांधावर बसले.

संध्याकाळी मी एका चपलेने, चिखलाच्या लुगड्यात डोंबिवलीला परतले. दानीएल दारात उभा होता. रूथने त्याला सगळे सांगितले. त्याने माझे सोललेले हात उलटून पाहिले.

"आप्पांना सांगशील?"

"सांगेन. गाळायचं नाही असं ठरलंय."

"मग आणखी एक सांग." तो चाचरत होता. "माझी सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी रात्री रूथ भाकरी करून ठेवते, मी पाणी भरतो. गुरुवारी आमची चूल पेटत नाही. दोघं बसून शास्त्र वाचतो, आप्पांची गाणी म्हणतो. रविवारी गाड्या थांबत नाहीत ताई, म्हणून बॉयलर विझवता येत नाही. पण दिवस मी सोडलेला नाही."

"शेजारच्या काकूंना वाटतं आम्ही दत्ताचा गुरुवार करतो," रूथ म्हणाली. "परवा पेढे घेऊन आल्या होत्या."

मला हसू आले आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. आप्पांचा रविवार त्या पोराने एकेका भाकरीसकट उचलून गुरुवारात नेऊन ठेवला होता, आणि भीतीने बापाला लिहिले नव्हते.

सोमवारी निघाले, रात्री घरी पोहोचले. आप्पा जागे होते. मी सगळे सांगितले: डबा, तिकीट, लॅटिन, फुगे, चिखल, गुरुवार. ऐकून झाल्यावर ते उठले. कंदील बारीक केला आणि झोपले. मंगळवारपासून मी शाळेत जाऊ लागले. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मी भाकरी थापत होते तेव्हा ते चुलीपाशी येऊन बसले.

"त्या रविवारी तू बांधावर राबलीस. मग विसावा कधी घेतलास?"

मी विचार केला. "सोमवारी प्रवास. मग रोज शाळा."

"म्हणजे तेरा दिवसांत एकही दिवस नाही." ते माझ्या सोललेल्या तळव्यांकडे पाहत होते. "चूक झाली असेल तर ती इथे झाली. बांधावर नाही." मग, जणू भाकरीबद्दल विचारावे तसे त्यांनी विचारले, "गुरुवारी तो दिवसभर घरी असतो का गं?"

मी आजही रविवारी चूल पेटवत नाही. मात्र त्या दिवशी विजेचा दिवा लावते तेव्हा कोणाचा तरी विसावा मोडून तो लागला आहे, एवढे माझ्या ध्यानात येते. त्या माणसाला त्याचा दिवस मिळो, एवढे प्रार्थनेत मागते.

आप्पा दिवाळीनंतर एकटेच डोंबिवलीला गेले. रूथचे पत्र आले ते मी जपून ठेवले आहे. बाप्तिस्मा गुरुवारी सकाळी त्या दोन खोल्यांत झाला, बाळकुमहून मेरीबाय आणि तिचा नवरा आले होते, शेजारच्या काकूही. उपासना झाली, थंड भाकरी खाल्ल्या आणि आप्पा चटईवर आडवे झाले. तिसऱ्या प्रहरापर्यंत घोरत होते. दानीएल सगळा वेळ दाराबाहेर बसून होता, कोणी कडी वाजवू नये म्हणून.