छोट्या ट्रॅक्टरचं कपाळ

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी मळ्यावरून केलेल्या व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या मागे जे लाल दिसत होतं, त्याला धाकटीने खेळणं म्हटलं. आजोबा हसले खरे, पण फोन ठेवल्यावर म्हणाले, "अगं, त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं." त्यांचा हात आता थरथरतो, पेन धरवत नाही. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. ते शेजारच्या खुर्चीत बसून चुका काढताहेत.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझी शाळा आणि कॉलेज इंग्रजीतच झालं, पुढे मी तेच शिकवलं. पण हा ट्रॅक्टर माझ्या डोक्यात मराठीतच चालतो. तुम्ही सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही अडेल, मग तो मला फोन करील, तेही बरंच होईल.

तर ते खेळणं नाही. दिंडोरीच्या आपल्या मळ्यातला तो छोटा ट्रॅक्टर आहे. बॉनेट जुन्या ट्रंकेएवढं, आणि सीटवर बसलं की गुडघे स्टिअरिंगला लागतात. आजोबांनी तो घेतला तेव्हा आमच्या भागात असे ट्रॅक्टर नव्याने दिसू लागले होते. मोठे ट्रॅक्टर होतेच, पण ते द्राक्षाच्या बागेत शिरत नसत. वेली तारांच्या मांडवावर चढवलेल्या असतात आणि त्या मांडवाखालून, दोन ओळींच्या मधून जावं लागतं. आपल्या जुन्या बागेत तर ओळी फारच जवळजवळ आहेत. आजोबांनी पेरूची झाडं काढून तिथे द्राक्षं लावली, तेव्हा जागा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्या तशा आखल्या. पेरू काढले म्हणून त्यांना गावाने वेड्यात काढलं होतं. पहिला माल निघाल्यावर त्याच लोकांनी येऊन लावायला वेलीच्या काड्या मागून नेल्या, हे त्यांनी आत्ता मला मुद्दाम लिहायला सांगितलं.

पुढे आजोबांचे गुडघे गेले, आम्ही नाशिकच्या फ्लॅटवर राहायला आलो आणि मळा त्यांच्या पुतण्याकडे, म्हणजे तुमच्या काकाकडे गेला. काकाने नवीन बाग रुंद ओळींची लावली आणि तिच्या मापाचा ट्रॅक्टर घेतला. छोटा ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये मागे सरकला, आणि हळूहळू त्याच्यावर रिकामी क्रेट, जुने पाइप, फाटकी शेडनेट असं सगळं येऊन बसलं. वर्षातून एकदा मात्र तो उघडा व्हायचा. दसऱ्याला आपल्याकडे अवजारांची आणि गाड्यांची पूजा करतात. आम्ही न चुकता मळ्यावर जायचो. आजोबा छोट्या ट्रॅक्टरवरची अडगळ स्वतः बाजूला करायचे, फडक्याने पुसायचे, झेंडूची माळ घालायचे आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणावर गंध आणि कुंकू लावायचे. झाकण बॉनेटच्या वर, मधोमध आहे. "हे त्याचं कपाळ," असं ते म्हणत. बंद पडलेल्या यंत्राची एवढी पूजा कशाला, असं काकाने एकदा विचारलं, तर म्हणाले, "म्हातारा माणूस काम करत नाही म्हणून त्याला दिवाळीला ओवाळत नाही का?"

मागच्या उन्हाळ्यात काका शहरात आला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, तरी तो कप घेऊन तसाच बसून राहिला. शेवटी मीच विचारलं, "काय रे, काही बोलायचंय का?"

"काका, जुनी बाग काढावी म्हणतो," तो आजोबांना म्हणाला.

आजोबांनी वर पाहिलं.

"वेली वाईट नाय काका. पण औषध कसं मारायचं? माझा ट्रॅक्टर आत घातला का खांबाला घासतो. पाठीवरच्या पंपाने मारायला माणूस मिळत नाय. गेल्या साली डावणी आला तवा मी आन् ही, दोघंच फिरत होतो पंप घेऊन. तिचे खांदे धरले, अजून दुखत्यात."

'डावणी' हा द्राक्षाच्या पानांवरचा रोग. वेळेवर फवारणी झाली नाही तर तो दोन-तीन दिवसांत बाग खातो. काकाचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते आजोबांनाही कळत होतं.

"छोटा चालू केला तर?" आजोबांनी विचारलं.

"तो? काका, त्याच्या सीटवर कोंबडी अंडी घालती."

"कोंबडीला दुसरी जागा देऊ."

काका हसला. मग विचार करून म्हणाला, "दसरा झाला का छाटणी धरायची. तोवर छोटा चालू झाला आन् औषधाची टाकी वढून ओळीत फिरला, तर जुनी बाग छाटतो. नाय झाला तर जेसीबी लावतो. मग मला बोलायचं नाय, काकू."

त्याची काकू म्हणजे मी. 'बोलायचं नाही' हे आजोबांना न सांगता मला का सांगितलं, ते तुम्हाला कळलंच असेल.

नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. जुन्या डिझेल इंजिनांचं काम आता त्यांच्यासारखे थोडेच लोक करतात. छोटा ट्रॅक्टर टेम्पोतून त्यांच्या दारात उतरला तेव्हा त्यांनी भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "साहेब, हे तर बुजुर्ग आहेत. यांना ठोकून नाही, समजावून उघडावं लागेल."

समजावणं म्हणजे रॉकेल. गंजलेल्या प्रत्येक नटाला रॉकेल पाजायचं आणि मुरू द्यायचं. पावसाळाभर आम्ही एक दिवसाआड द्वारकेला जात होतो. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, सायलेन्सरमध्ये गांधीलमाशीचं घर होतं. नोझल, डिझेल पंप, क्लचप्लेट सगळं खोलावं लागलं. त्या मापाचे टायर नाशिकमध्ये मिळेनात, ते चाचांनी मालेगावहून आणवले. माझं काम सुट्या भागांचं होतं. चाचांच्याकडे सगळे नटबोल्ट एका घमेल्यात टाकायची पद्धत, ती मला बघवेना. मी घरून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या नेल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. पहिल्या दिवशी चाचा म्हणाले, "मॅडम, ट्रॅक्टर बनवताय की लोणचं?" नंतर मात्र नट हवा असला की घमेल्याकडे न जाता आधी बरणीच मागायचे.

मग रंग. पेंटरने बॉनेट, मडगार्ड, टाकी सगळं पत्र्यापर्यंत खरवडलं. झाकणापाशी तो आला तेव्हा आजोबांनी त्याला थांबवलं. इतक्या दसऱ्यांचं गंध-कुंकू तेलात मुरून त्या झाकणावर घट्ट बसलं होतं, जवळजवळ नाण्याएवढं जाड. "तेवढं राहू दे," आजोबा म्हणाले. पेंटरलाही ते पटलं. कपाळाला घासपेपर कोण लावणार? त्याने झाकणाच्या कडेने लाल रंग फिरवला आणि कुंकू हाताला लागू नये म्हणून वरून चकचकीत लॅकर मारलं. फार सुंदर दिसत होतं. मी फोटो काढून तुमच्या बाबाला पाठवलाही होता.

टाकी अशी पेंटरकडे असताना चाचांनी इंजिन चालू करून पाहिलं. वर एक डिझेलची बाटली टांगली आणि तिची नळी पंपाला जोडली. धक्का, धूर, खोकला, आणि मग तो एका लयीत चालू लागला. दुपारभर चालला. आजोबा त्याच्यासमोर स्टुलावर बसून होते. चहा गार झाला तरी त्यांनी कप उचलला नाही.

दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर मळ्यावर आला. पूजा झाली, आम्ही दोघं तिथेच मुक्कामाला राहिलो. दुसऱ्या दिवशी काकाने मागे फवारणीची टाकी जोडली, त्यात नुसतं पाणी भरलं, आणि काकाची बायको, म्हणजे तुमची काकू, सीटवर बसली. खांदे तिचे दुखतात, तर ट्रॅक्टर तीच चालवणार, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर इंजिन धपापलं आणि बंद पडलं.

झाकण उघडून पाहिलं, डिझेल होतं. मग फिल्टरचा नट सैल करून पाइपातली हवा काढली. 'एअर काढणं' म्हणतात त्याला. सेल्फ मारला, चालू झाला. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. झाकण उघडा, डिझेल बघा, एअर काढा, चालू करा. थोड्या वेळाने पुन्हा बंद.

चाचा द्वारकेहून आले. त्यांनी नळ्या बदलल्या, वॉशर बदलले. ते उभे होते तोवर चालला. त्यांची रिक्षा फाट्यावर पोचली नसेल, तोच बंद.

"चाचांच्या दारात चालतो आन् आपल्याकडं रुसतो," तुमची काकू म्हणाली. "माहेरीच सोडून या त्याला."

काका हसला नाही. आसपासच्या बागांत छाटण्या सुरू झाल्या होत्या, मजूर रोज विचारायला येत होते. त्याने आणखी दोन दिवस वाट पाहिली. मग संध्याकाळी अंगणात येऊन म्हणाला, "काका, तुम्ही लय केलं. पण आता मला थांबता येत नाय. परवाला जेसीबी सांगितलाय."

आजोबा म्हणाले, "बरं." तेवढंच. उठून ते जुन्या बागेकडे गेले आणि बांधावर उभे राहिले. मी मागून गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, एकदा शेवटचं बघू. काका कामात होता, म्हणून काकूने ट्रॅक्टर काढला. दुसऱ्या ओळीत तो ठरल्यासारखा बंद पडला. डिझेल बघायला त्या वेळी मीच जवळ होते. झाकण फिरवलं तर ते नेहमीपेक्षा घट्ट. जोर लावला तेव्हा ते सुटलं आणि आतून आवाज आला, सुस्स. बाहेर येणाऱ्या हवेचा नाही, आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा.

हा आवाज मी आयुष्यभर स्वयंपाकघरात ऐकला आहे. शेंगदाणा तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं आणि मग थांबतंच. म्हणून समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायचं, तिथून हवा आत जाते आणि तेल सरळ धारेने येतं.

"अहो," मी म्हटलं, "याला दुसरं भोक कुठं आहे?"

"कसलं दुसरं भोक?"

"तेलाच्या डब्याला असतं तसं. हवेचं."

आजोबांनी झाकण माझ्या हातातून घेतलं. उलटं केलं. आतल्या बाजूला सुईएवढं भोक स्पष्ट दिसत होतं. मग सुलटं केलं. वर कुंकू होतं, चकचकीत, लॅकरखाली.

भोक वरून पूर्ण बुजलं होतं. ट्रॅक्टर कामात होता तेव्हा रोज डिझेल भरलं जाई, रोज झाकणावरून तेलकट फडकं फिरे आणि दसऱ्याचं गंध आठवडाभरात निघून जाई. शेडमध्ये पडून राहिला त्या वर्षांत डिझेल कुणी भरलं नाही. फक्त पूजा झाली.

काकू सीटवरून वाकून बघत होती. "काका," ती म्हणाली, "तुम्ही त्याचं नाक कपाळ समजून लिंपलं की वो."

आजोबा इतके हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. मी बांगडीतली सेफ्टीपिन काढून दिली. ते भोक त्यांनी स्वतः मोकळं केलं. लाल खपलीचा तुकडा निघाला तो त्यांनी फेकला नाही, वेलीच्या बुडाशी ठेवला. दर वेळी आम्ही डिझेल बघायला झाकण उघडत होतो, हवा आत जात होती, आणि चालू झाल्याचं श्रेय एअर काढण्याला देत होतो.

काकूने सेल्फ मारला. ती ओळ संपली, पुढची संपली, ती वळून पुन्हा आत गेली. आवाज थांबत नाही हे ऐकून काका नव्या बागेतून चालत आला. हातात छाटणीची कात्री तशीच होती. बांधावर आजोबांच्या शेजारी तो उभा राहिला आणि मांडवाखालून येणाऱ्या-जाणाऱ्या त्या लाल बॉनेटकडे बघत राहिला. फवारणीच्या टाकीतलं पाणी संपलं.

मग काकाने खिशातून फोन काढला आणि जेसीबीवाल्याला म्हणाला, "भाऊ, उद्या नको येऊ. हां, नको. अरे, चालू झाला तो." फोन ठेवून आजोबांना म्हणाला, "विहिरीकडच्या ओळी छाटतो, काका. रस्त्याकडच्या पार थकल्यात, त्या ठिवून उपेग नाय."

रस्त्याकडच्या वेली खरंच थकल्या होत्या. आजोबांनी मान हलवली.

चाचांना फोन करून भोकाचं सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "मॅडम, मी बाटलीवर चालवला. बाटलीला झाकणच नव्हतं!" आणि तेही हसत सुटले.

आजोबा म्हणतात, आता पुरे, मुलं कंटाळतील. तर सध्या काय काय आहे ते लिहिते. रस्त्याकडच्या ओळी काढल्या, तिथे काका भाजी लावतो. विहिरीकडच्या ओळी उभ्या आहेत आणि यंदा त्यांना माल आला आहे. फवारणी तुमची काकू करते. दसऱ्याला गंध आता बॉनेटवर, दिव्याच्या वर लागतं. छोटा ट्रॅक्टर चालतो आहे.