घोडा सोडल्यावर

दोन चाकांच्या गाडीचा घोडा सोडताना एक गोष्ट विसरून चालत नाही. घोडा बाहेर आला की दांड्या कुणीतरी धरून ठेवायला हव्यात. नाहीतर गाडी पुढे झुकते आणि वर बसलेला माणूस सरळ चिखलात येतो. आयर्लंडमधल्या आमच्या किलब्रॅकच्या स्टेशनवर वीस-पंचवीस वर्षं त्या दांड्या मी धरल्या. वर बसलेला असायचा बार्टली गेराटी, आमच्या भागाचा लंडनच्या पार्लमेंटातला मेंबर.

मी फेस्टस लोहान. खोगीर, लगाम, घोड्याचं सगळं सामान शिवतो. बार्टली आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो बापाच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसला. जमीनदारांविरुद्ध चळवळ पेटली तेव्हा त्याने बाजाराच्या दिवशी पिंपावर उभं राहून एक भाषण ठोकलं आणि दोन महिने तुरुंगातल्या फळीवर झोपून आला. तो सुटून आला त्या दिवशी आम्ही पोरांनी गाडीचा घोडा सोडला, दोर बांधले आणि त्याला स्वतः ओढत चौकात आणलं. नंतर तो निवडून आला, पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी घोडा सुटला. टेकडीवर डांबराची पिंपं पेटायची, बँडवाले ठरलेल्या जागी चुकायचे, आणि बार्टली टोपी काढून अवघडून बसायचा.

"अरे फेस्टी, घोडा चांगला धडधाकट आहे. त्याला तरी काही काम ठेवा," असं तो म्हणायचा.

"गप बस. घोड्याला मत नाही, आम्हाला आहे," मी म्हणायचो.

लंडनमध्ये तो एका खोलीत राहायचा, स्वतःची अंडी स्वतः उकडायचा. सव्वीस वर्षांत त्याने तिथे गाजावं असं भाषण काही केलं नाही. त्याचे प्रश्न असायचे आमच्या नाल्याबद्दल, बोटीच्या धक्क्याबद्दल, मजुरांच्या घरांबद्दल. माणूस पहिल्यापासून मवाळ. डब्लिनमध्ये आपलं स्वतःचं पार्लमेंट व्हावं, पण ते कायद्याने, मतांनी, कुणाच्या आईला रडायला न लावता व्हावं, एवढा एकच ध्यास. पोरं टिंगल करायची, "गेराटीसाहेब होमरूल आणायला गेलेत. परतीची बोट चुकली वाटतं!" तो हसायचा. त्या हसण्याचा मला कधीकधी रागही यायचा.

एकोणीसशे नऊ साली म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झालं तेव्हा त्याच्या दुकानात जत्राच भरली. सत्तरी पुरी झाल्याचा दाखला हवा आणि जन्माची नोंद कुणाचीच नाही. म्हणून अठराशे एकोणचाळीसचं मोठं वादळ आठवतं का, एवढं विचारायचे. एकाएकी सगळ्या गावाला ते वादळ आठवायला लागलं.

"बिडी," बार्टली म्हणाला, "तुझा भाऊ तुझ्याहून वर्षाने लहान. तो तर साठीचा आहे."

"त्याचं काय सांगू बाळा," बिडी कॉनीली म्हणाली, "तो आळशीच. जन्माला यायलाही त्याने उशीरच केला."

बार्टलीने खाली मान घालून अर्ज भरला. बिडीला पेन्शन मिळालं.

मग महायुद्ध आलं. होमरूलचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता, पण लढाई संपेपर्यंत तो बाजूला ठेवलेला. पक्षाच्या नेत्यांचं म्हणणं असं की आता आपली पोरं इंग्लंडच्या बाजूने लढली तर उद्या इंग्लंडला शब्द फिरवता येणार नाही. पंधरा सालच्या वसंतात बार्टलीला पक्षाचं पत्र आलं. रविवारी चौकात सभा घ्या, पोरांना भरती व्हायला सांगा. शनिवारी दुपारी त्याने मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात टेबलावर ते पत्र होतं. त्याची बहीण होनोरा पाव कापत होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं, भावाचं घर आणि दुकान तीच सांभाळायची.

"माझी जीभ वळत नाही रे," बार्टली म्हणाला. "मला मूलबाळ नाही. दुसऱ्यांच्या पोरांना मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग नको सांगूस," होनोरा म्हणाली.

तेव्हा मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं असंही नाही, त्याने त्यासाठीच तर बोलावलं होतं. मी म्हणालो, "इतकी वर्षं आम्ही तुला ओढलं ते ऐनवेळी मागे बसायला नाही. काठावर आलंय सगळं. उद्या तू गप्प बसलास तर लोक म्हणतील गेराटी घाबरला. बोल बिनधास्त. मी पहिल्या रांगेत उभा राहतो."

होनोराने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. बार्टली पत्राची घडी घालत राहिला.

"तुला खरंच असं वाटतं, फेस्टी?"

"वाटतं म्हणजे काय, वाटतंच."

रविवारी तो बोलला. वाईट बोलला, अडखळत. पण बोलत होता बार्टली गेराटी, आणि त्याच्या शब्दाला गावात वजन होतं. अकरा जण पुढे झाले. तिसरा आमचा कोलमन, माझा मुलगा. एकोणीस वर्षांचा, माझ्याच हाताखाली तयार झालेला, माझ्याहून सरळ टाका घालणारा. देवाशपथ सांगतो, आदल्या दिवशी मी तावातावाने बोलत होतो तेव्हा मला त्याची आठवणही झाली नव्हती. पोरं दुसऱ्यांची असतात असंच मी धरून चाललो होतो.

पुढच्या वर्षी ईस्टरला डब्लिनमध्ये बंड झालं. इंग्रजांनी बंडवाल्यांना गोळ्या घातल्या आणि आमच्या गावाचं मन महिन्याभरात बंडवाल्यांकडे फिरलं. सप्टेंबरात तार आली. कोलमन फ्रान्समध्ये मारला गेला होता.

तिसऱ्या दिवशी बार्टली घरी आला. माझी बायको डेलिया चुलीपाशी बसली होती. ती उठली नाही.

"तुम्ही बोलावलंत म्हणून गेला तो," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून आलं म्हणून गेला. माझ्या दारात का उभे आहात तुम्ही?"

बार्टलीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. आरोप नव्हता त्या नजरेत. मी काही बोलणार असेन तर मला जागा करून द्यावी, एवढ्यापुरतंच त्याने पाहिलं. मी चुलीतली राख सारखी करत राहिलो.

"हो डेलिया," तो म्हणाला. "मीच बोलावलं."

आणि गेला. त्या दिवसापासून डेलिया रस्त्यात त्याला पाहून पाठ फिरवायची. मी तिच्या शेजारी असायचो. एक वाक्य सांगायचं होतं मला. रोज ते ओठांवर यायचं आणि रोज मी भ्यायचो. एकच पोर होतं आमचं, ते गेलं. आता घरात ती आणि मी. तिने माझ्याकडे पाठ केली तर मी कुठे जाऊ? बार्टलीच्या अंगावर तेवढा राग मावेल असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अठराच्या डिसेंबरात निवडणूक झाली. बंडवाल्यांच्या नव्या पक्षाचा उमेदवार इंग्लंडच्या तुरुंगात होता, त्याला गावात कुणी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. तो तिपटीने जिंकला. मत मीही त्यालाच दिलं. मतमोजणी जिल्ह्याच्या गावी होती. दुपारच्या आगगाडीने बार्टली एकटाच परत आला तेव्हा स्टेशनवर ही गर्दी! बाहेर नेहमीची भाड्याची गाडी उभी होती. तो कुणाकडे न बघता वर चढून बसला.

तेवढ्यात चार-पाच पोरं पुढे झाली आणि घोडा सोडायला लागली.

मी दहा पावलांवर होतो. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता, आणि तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याला वाटलं, हरलो तरी जुन्या ओळखीने लोक आपल्याला ओढत नेतायत. त्याचे डोळे भरले. त्याने टोपी काढली. मग सवयीने दांड्यांकडे पाहिलं, मी नेहमी उभा असायचो त्या जागी.

तिथे दोन अनोळखी पोरं होती. घोडा बाहेर आला तशा त्यांनी दांड्या सोडून दिल्या.

एकसष्ट वर्षांचा माणूस तोंडावर पडला. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "उतरा साहेब, लंडन आलं!" डेलिया हसली नाही, पण तिने मानही वळवली नाही. माझे हात खिशात होते. मला धावता आलं असतं. दहा पावलं म्हणजे काय असतात!

धावली ती बिडी कॉनीली, सरकारी कागदावर ऐंशीची आणि खरी सत्तरीची. तिने त्याची टोपी उचलून स्वतःच्या शालीने पुसली.

"मेल्यांनो, हसता कुणाला?" ती किंचाळली. "ज्या घरात रात्री ढाराढूर झोपता ना, त्याचं छप्पर याने आणलंय! ऊठ रे बाळा. ऊठ. लागलं का?"

"नाही बिडी," तो म्हणाला. गुडघ्यातून रक्त येत होतं. ती त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली. पोरांनी मग त्याच गाडीत जिंकलेल्या उमेदवाराचा फोटो खुर्चीवर ठेवला आणि चौकापर्यंत ओढत नेला. दोर मी वळलेलेच होते.

त्यानंतर तो आठ वर्षं जगला. डब्लिनमध्ये आपलं पार्लमेंट बसलं, ते किती रक्त सांडून बसलं ते सांगायला नको. बार्टलीला तिथे कुणी बोलावलं नाही. तो दुकानात बसून वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. गुडघा कायमचा अधू झाला होता. मी दुकानावरून जाताना तो मान हलवायचा, मीही हलवायचो. त्याने त्या शनिवारची गोष्ट कुणालाही सांगितली नाही. एकदा जरी सांगितली असती, चारचौघांत, दारूच्या भरात का होईना, तर मी सुटलो असतो.

सत्तावीस सालच्या मार्चमध्ये तो गेला. प्रेताला वीस माणसंही नव्हती. डेलियाही आली, "मेलेल्याशी कसलं वैर," म्हणून. चर्चच्या दारात शववाहू गाडी उभी होती, काळा घोडा जुंपलेली. मी घरून दोर घेऊन गेलो होतो. माझ्या वयाचे पाच-सहा म्हातारे तिथे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, दोघांना कळलं, ते पुढे आले. मी घोड्याच्या पट्ट्याला हात घातला.

"राहू दे, फेस्टी." होनोरा मागे उभी होती. आवाज चढवलेला नव्हता. "घोडा राहू दे. घोड्याने त्याला कधी खाली पाडलं नाही."

मी हात काढून घेतला. गाडी घोड्यानेच नेली आणि आम्ही मागून चालत गेलो.

परतताना डेलियाने विचारलं, "होनोरा तुला असं का बोलली? तू तर त्याचा मित्र."

मग मी सांगितलं. शनिवार, पत्र, पाव, मी काय म्हणालो, तो काय म्हणाला, आणि आमच्या चुलीपाशी त्याने माझ्याकडे कसं पाहिलं. ती ऐकत चालली होती. मधेच थांबली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी त्या माणसाकडे पाठ केली. आणि तू शेजारी उभा होतास."

मी तिचं नाव घेतलं. ती वळली आणि कबरस्तानाकडे परत चालू लागली.

अजून आम्ही एकाच घरात राहतो. ती मला चहा देते, शर्टाची बटणं लावते. आमच्या कोलमनची कबर फ्रान्समध्ये कुठेतरी आहे, तिथे तिचं जाणं होणार नाही. म्हणून दर रविवारी प्रार्थनेनंतर ती बार्टलीच्या कबरीवर जाते, गवत काढते, थोडा वेळ बसते. मी फाटकापर्यंत जातो. ती मला आत ये म्हणत नाही.