शेवटचा फर्मा

तात्यामास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा माझे दोन्ही हात खळीने बरबटलेले होते. वाचनालयातल्या तीन पुस्तकांच्या पाठी उखडल्या होत्या, म्हणून मी खळ शिजवून, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालून बसले होते. मास्तरांचा पुतण्या दारातूनच म्हणाला, "बाई, तात्या गेले. सकाळी चहा मागितला, आणि..." मी हात धुवायला विहिरीवर गेले आणि तिथेच उभी राहिले. रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता यशवंताला मी एकटीने काय सांगायचं? माणूस गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि त्याने मागे ठेवलेल्या कामाची धास्ती आधी वाटली, याची मला लाज वाटते. पण आज पाच-सहा आठवड्यांनी लिहायला बसले आहे तर खोटं कशाला लिहू?

नागावात मास्तरांना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. अर्धं गाव त्यांच्या छड्या खाऊन मोठं झालं. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी किराणा दुकानाच्या माडीवर दोन कपाटांचं वाचनालय थाटलं. मोठी माणसं तिथे वर्तमानपत्र चाळायला आणि तपकीर ओढायला येत. मास्तरांना त्यांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत. "चिल्ल्यापिल्ल्यांना राजा-राणी आहे, बाप्यांना कादंबऱ्या आहेत. मधल्यांनी काय वाचायचं, माझं कपाळ?" असं ते येईल त्याला विचारत. मिसरूड फुटायच्या वयात आणि पदर घ्यायच्या वयात माणसाच्या मनात जे चालतं, त्याच्याशी बोलणारं पुस्तक मराठीत कुणी लिहीतच नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती काही फार खोटी नव्हती.

मग ते अशी पुस्तकं धुंडाळत बसत. चौलचे हुसेनमिया सुपारीचा माल घेऊन मुंबईला जात, त्यांना मास्तर जुनी पुस्तकं आणायला सांगत. हुसेनमियांना मराठी वाचता येत नसे. ते पुस्तकाच्या कडा बघून निवड करीत. "मास्तर, ह्याची पानां मळलेली हायत, म्हंजे लय लोकांनी वाचलाय," असा त्यांचा हिशेब. मास्तर हसत, पण मला एकदा हळूच म्हणाले, "माझ्यापेक्षा ह्या गृहस्थाची पारख बरी आहे." आणलेलं प्रत्येक पुस्तक ते आधी स्वतः वाचत, मग मुलांना देत. आमची वाडी त्यांच्या घराला लागून होती. मी चौदा वर्षांची, शिवणात हात बरा, म्हणून त्यांनी मला जुजबंदी शिकवली: सोळा-सोळा पानांचे शिवलेले फर्मे सुटे करायचे, भोकं पाडायची, दोरा ओवून पुन्हा एकात एक गुंतवायचे. खाऱ्या हवेत पुस्तकं टिकत नाहीत, तेव्हा हे काम बारमाही असे.

आणि त्या कामातच ती चूक झाली... चूक मास्तरांची, पण सुई माझ्या हातात होती.

मास्तरांना मुलांचं रडणं बघवत नसे. छडी मारणाऱ्या माणसाचं हे असं! एका मुलाने कादंबरी वाचून दोन दिवस जेवण सोडलं, त्याची आई माडीवर येऊन भांडून गेली, तेव्हापासून त्यांनी एक उपाय काढला. पुस्तक चांगलं, पण शेवट काळीज कुरतडणारा असेल, तर ते शेवटचा फर्मा सोडवून काढून घेत. कथा जिथे जरा उजेडात येऊन थांबते, तिथे छापील वाटेल अशा अक्षरांत 'समाप्त' लिहीत. मी ते शिवून टाकी. अशी सात-आठ पुस्तकं आम्ही केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपण मोठा उपकार करतो आहोत असा रुबाब वाटे. मी एकदाच विचारलं होतं, "मास्तर, ही पानं टाकून देऊ?" तर म्हणाले, "छे! पोरं मोठी झाली की वाचतील." कापडात गुंडाळून त्यांनी ती ट्रंकेत ठेवली.

कुसुम माझी मैत्रीण. हे तिचं खरं नाव नव्हे, आणि तिच्या मुलाचं, यशवंताचंही नव्हे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, चौलला दिलेली. बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर काळे-निळे डाग होते. चुलीपाशी लागलं, असं ती म्हणाली आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं, कारण खरं मानणं सोयीचं होतं. ती दिवसभर वाचत पडे. मास्तरांनी तिला निवडून एक कादंबरी दिली. तिच्यातली बाई सासरचा छळ असह्य होऊन घर सोडते, शहरात जाते, रुग्णसेवा शिकते. आमच्या पुस्तकात ती पांढरं लुगडं नेसून दवाखान्याच्या खिडकीत उभी राहते, आणि समाप्त. काढलेल्या सोळा पानांत ती क्षयाने, मुलाची आठवण काढत, एकटी मरते.

कुसुम ते पुस्तक परत न करताच सासरी घेऊन गेली. मूल सात महिन्यांचं झालं आणि एका सकाळी ती त्याला पाळण्यात निजवून रेवसला गेली आणि मुंबईच्या बोटीत बसली.

चौथ्या दिवशी तिचे सासरे माडीवर आले. मी तिथेच होते. त्यांनी पुस्तक मास्तरांच्या पुढ्यात आपटलं. "मास्तर, आमच्या सुनंला ही अक्कल कुठून आली ते गावलं बघा. तान्हं पोर रडतंय घरात. आता तुम्ही पाजा त्याला!" करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. त्या दिवशी मास्तरांचं तोंड पाहिलेल्याला पुन्हा ते हसत म्हणता यायचं नाही. लोकांनी मुलींना वाचनालयात पाठवणं बंद केलं. मास्तरांनी ट्रंक उघडली, काढलेले सगळे फर्मे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "जिथले तिथे शिव." मी महिनाभर शिवत होते. ते समोर बसून दोऱ्याला मेण लावून देत, आणि मधेच थांबून स्वतःशीच म्हणत, "तिला वाटलं असेल, पुढे सगळं नीट होतं..."

कुसुम जिवंत आहे हे आठ वर्षांनी कळलं. मी तोवर सातवीची फायनल परीक्षा पास होऊन मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते. ती चौलला गेली नाही, सरळ मास्तरांच्या ओटीवर आली. मुंबईत एका दवाखान्यात सुईणकाम करत होती. तब्येत धडधाकट, आवाज जरा कोरडा. "तुमच्या पुस्तकात ती मरत नव्हती, मास्तर," ती म्हणाली. "मला मुंबईत दुसरी प्रत मिळाली. तेव्हा कळलं."

मास्तरांनी विचारलं, "शेवट असता तर तू गेली असतीस?"

"नसते गेले."

"मग बरं झालं की वाईट?"

ती म्हणाली, "सकाळी कामावर जाताना एक वाटतं, दिवेलागणीला दुसरं." आणि मुलाला काय सांगितलंय, असं तिने विचारलं. तू वारलीस असं सांगितलंय, हे मास्तरांच्या तोंडून निघेना, म्हणून मी सांगितलं. तिने पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. जाताना तिने पत्ता लिहून दिला आणि मास्तरांना एवढंच म्हणाली, "असू दे तसंच. त्याला वाचायला तेवढं चांगलं द्या."

पुढे कुसुमचे सासरे वारले आणि यशवंत दहाव्या वर्षी दर रविवारी चौलहून चालत माडीवर येऊ लागला. मास्तरांच्या शेवटच्या तीन वर्षांतलं खरं काम म्हणजे त्या एका मुलासाठी पुस्तक शोधणं. धाडसाची दिली, प्रवासाची दिली, शास्त्राची दिली. मुलगा सगळं फस्त करी आणि विचारी, "आणखी हाय?" ज्यात आईची गोष्ट आहे असं पुस्तक दिसलं की मास्तरांचा हात मागे येई. मी एकदा चिडून म्हटलं, "त्याला खरं सांगा की!" त्यावर म्हणाले, "झाकली मूठ आहे गं. सातवी होऊ दे." सातवीचं वर्ष निघालं. शेवटच्या भेटीत, खोकल्याची उबळ आवरत त्यांनी मला विचारलं ते इतकंच, "यशवंताला काय दिलंस?" मी म्हटलं, काहीतरी दिलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. ते उत्तर त्यांना पटलं नाही, मलाही नाही.

यशवंताला सांगितल्याशिवाय हा लेख मी लिहिणार नव्हते. मास्तरांचे दिवस झाल्यानंतरच्या रविवारी मी इतर मुलांना लवकर वाटेला लावलं आणि त्याला थांबवलं. भर दुपारची वेळ होती, खाली दुकानात कुणीतरी गूळ फोडत होतं. मी सगळं सांगितलं. दंडावरचे डाग, पुस्तक, सोळा पानं, माझी सुई, काही झाकून ठेवलं नाही. तेरा वर्षांचा मुलगा मांडीवर पुस्तक घेऊन ऐकत राहिला.

"म्हंजे माझी आय हाय?"

"आहे."

"मास्तरांना ठावं होतं?"

"होतं."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

मास्तरांच्या बाजूने बोलावं असं फार वाटलं. पण ज्या माणसाने पुन्हा कधी एक पान काढलं नाही, त्यानेच ह्या मुलापासून एवढं काढून ठेवलं होतं. "भ्याले रे ते," मी म्हटलं. "मीही भ्याले."

तो उठून खिडकीशी गेला, पाठ माझ्याकडे. खांदे हलत होते की काय ते मला नीट दिसलं नाही, आणि जवळ जायचा मला धीर झाला नाही. थोड्या वेळाने तो वळला आणि म्हणाला, "पत्ता द्या." मी लिहून दिला. त्याने तो न वाचता पुस्तकात ठेवला.

आमच्या वाचनालयातली सगळी मुलं पुस्तक घरी नेताना एक गोष्ट करतात. पुस्तक मागून उघडतात, शेवटचं पान जागेवर आहे का ते बघतात, आणि पानं सगळी असली की जो कुणी कपाटाशी असेल त्याला तसं मोठ्याने सांगतात. मास्तरांनी कुसुम गेल्यानंतर घातलेला हा नेम. मुलांना वाटतं, पुस्तकं फाटू नयेत म्हणून असेल. यशवंत तीन वर्षं ते करत आला होता. त्या दुपारीही त्याने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पुस्तक मागून उघडलं, पण नुसतं पाहिलं नाही. शेवटचं पान उभ्या उभ्या सावकाश, ओठ हलवत वाचून काढलं.

"सगळी हायत, बाई," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.