चार बोटं तोकडी चौकट

घर बांधताना माल मापात आला नाही, तर कामथडी-वरव्याकडची माणसं बिल शोधत बसायची नाहीत. सरळ चिमाजी गवंड्याला फोन लावायची.

चिमाअण्णा म्हणजे पन्नाशी उलटलेला, अंगानं काटक आणि डोक्यानं तापट गडी. तीस वर्षांत भोर-वेल्ह्यात किती घरं उभी केली, हे त्याला आठवत नसे. किती दुकानदार आडवे केले, ते मात्र टपरीवर चहा पिताना बोटांवर मोजून दाखवायचा. एकदा दोन फुटी फरशी सूतभर कमी भरली, तर यानं दुकानाच्या दारातच एकेक खोकं आपटून फोडलं. मालक मध्ये पडला, तेव्हा त्यालाही त्याच तुकड्यांवर लोळवला. बारा एमएमच्या नावाखाली दहाची सळई घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला त्याच सळईनं असा झोडला, की बिचारा आठ दिवस पालथा झोपला. अहो, त्या टेम्पोवाल्याचा काय दोष? सळई काय त्यानं तासून पातळ केली होती? पण अण्णाला हे विचारायची टाप कुणाची! दुसऱ्या दिवशी बदलून माल यायचा आणि गाव म्हणायचं, "अण्णाबिगर ही लोकं सुधरायची न्हाईत." मार देणाऱ्याला अशी शाबासकी मिळत गेली, की त्याचा हात कधीच गप्प बसत नाही.

वरवे बुद्रुकला ठकुबाईचं घर चाललं होतं. ठकुबाई विधवा बाई, दोन खोल्यांसाठी आयुष्यभर राबलेली. दाराची सागवानी चौकट नसरापूरच्या सावळाराम सुताराकडं सांगितलेली. हा सावळाराम म्हणजे गरीब गाय, कुणाला उलट बोलायचा नाही. चौकट बसवायचा मुहूर्त सकाळी नऊचा. पाहुणे आलेले, ठकुबाई नवं लुगडं नेसून हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. गड्यांनी चौकट उभी केली आणि सगळ्यांची तोंडं उतरली. वर चार बोटं फट!

"अगं बया!" ठकुबाई कळवळली. "ऐन मुहूर्ताला चौकट तोकडी? काय हा अपशकुन!"

अण्णा चौकट घेऊन आलेल्या सावळारामकडं वळला. "किती सांगितली व्हती?"

"सात फूट, अण्णा. सातच हाय. टेप लावून बघा."

"उंबरा सोडून सात! तीस वरसं माझं माप उंबरा सोडून असतंय. आज तू मला शिकवतोस व्हय?"

"न्हाई अण्णा, पर ह्या टायमाला तुमीच..."

पुढचं ऐकायला अण्णा थांबलाच नाही. अशी थोबाडीत दिली, की सावळाराम वाळूच्या ढिगावर जाऊन पडला. नाकातून रक्त आलं. एक गडी आडवा आला, त्याला अण्णानं कोपरानं बाजूला फेकला आणि भिंतीला टेकवलेली पहार उचलली. पहिल्याच दणक्यात चौकटीची एक बाजू उभी चिरली. सावळारामची दहा दिवसांची मेहनत होती ती. तो तसाच रक्ताळलेल्या तोंडानं धावत आला आणि त्यानं चौकटीवर उजवा हात ठेवला.

"लाकडाचं काय चुकलं, अण्णा? मला मारा, पर..."

तो हात अण्णाला दिसला होता. खोटं कशाला बोला, चांगला दिसला होता. पहार थांबवता आली असती. त्यानं थांबवली नाही.

मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला म्हणतात. ठकुबाईच्या हातातलं ताट सांडलं. सावळाराम गुडघ्यावर बसला, हात छातीशी घेऊन लहान पोरासारखा ओरडत राहिला. सुताराचा उजवा हात! घरातली सहा तोंडं त्या एका हातावर जेवत होती.

"आता तरी मापात राहशील," अण्णा म्हणाला आणि हात धुवायला पिंपाकडं गेला.

तिसऱ्या दिवशी सावळारामची बायको सरूबाई एकटीच बांधकामावर आली. अण्णासमोर उभी राहिली आणि मोबाईल त्याच्या नाकापुढं धरला.

"ह्ये अक्षर कुणाचं?"

अण्णानंच पाठवलेला फोटो होता. सिमेंटच्या गोणीच्या कागदावर पेन्सिलीनं खरडलेलं, 'उंबऱ्यासकट सात फूट.' टपरीवर घाईघाईत लिहिलं होतं आणि नंतर भिंतीत जागा सोडली ती नेहमीच्या सवयीनं, उंबरा सोडून सात फूट. जगाची मापं तपासणाऱ्या गड्यानं आपली चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचलीच नव्हती. आता बोला!

अण्णाचं तोंड पांढरं पडलं. सरूबाईनं पायातली चप्पल काढली आणि सगळ्या गड्यांदेखत त्याच्या तोंडावर मारली. एक, दोन, तीन... ओठ फुटला तरी अण्णानं हात वर केला नाही.

"मोजा की!" ती रडत ओरडली. "लई माप कळतंय न्हवं तुमाला? किती झाल्या, मोजा!"

"पोलिसात जा, बाई," अण्णा कसाबसा म्हणाला. "म्या कबूल करतो."

"तुमी आत गेल्यावर त्येंची बोटं वळत्याल का?"

दुसऱ्या दिवसापासून अण्णा आपलं काम सोडून रोज सकाळी नसरापूरला सावळारामच्या दुकानात जाऊ लागला. सावळारामनं सांगायचं, यानं करायचं. करवत, रंधा, सगळं. सरूबाई त्याच्याकडं बघतही नसे. सावळाराम मात्र त्याला चहा द्यायचा. "चूक माणसाकडनंच व्हती," म्हणायचा. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या, असं अण्णाला वाटे.

दीड महिन्यानं प्लॅस्टर निघालं. दोन बोटं पुरती मिटत नव्हती, पण सावळाराम खुशीत होता. ठकुबाईची नवी चौकट जुळवायला घेतली होती. मेव्हण्याच्या लग्नातली कसलीशी फजिती सांगत, हसत हसत त्यानं उजव्या हातानं लाकूड दाबून धरलं. अण्णाही खूप दिवसांनी हसला आणि पाचर ठोकायला त्यानं हातोडा उचलला.

सावळारामचं हसू तिथंच तुटलं. हात झटक्यात पोटाशी गेला, खांदे आखडले, डोळे गच्च मिटले.

"आरं, म्या पाचर ठोकतुया," अण्णाचा आवाज फाटला. "तुला कशापायी मारीन, बाबा?"

सावळारामनं डोळे उघडले. हात मात्र त्याला पोटापासून सोडवता येईना.

"मला ठावं हाय, अण्णा," तो ओशाळून म्हणाला. "ह्या हाताला पटंना."