मावशींना दिलेलं माकड

परवा मंगळवारी सकाळी दोन वर्षांच्या परीच्या तोंडातून तिच्या आजीने बटणाएवढा सेल बोट घालून काढला. आजी म्हणजे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या सुनीतामावशी. सेल टाळ्या वाजवणाऱ्या माकडातला. भाचा मोठा झाला म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत ते मीच मावशींना दिलं होतं. पुढे सेलचं झाकण सहज निघतं म्हणून कंपनीने ती माकडं धोक्याची ठरवून परत मागवली, तेव्हा चौकात त्या इशाऱ्याची पत्रकं वाटणारीही मीच. सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. मावशी तेव्हा मोरीत भांडी घासत होत्या. त्यांना सांगायचं मला सुचलंच नाही.

“तुमच्या घरचं म्हणून निर्धास्त होते हो, ताई,” एवढंच त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वस्तू उंबऱ्याबाहेर गेली की तिचा धोकाही संपला, असं आपण धरून चालतो.

तुम्ही जुनी खेळणी कुणाला दिलीत? आजच त्यांच्या दारात जा आणि त्यात असा सेल असेल तर त्याचा धोका सांगा.