खिशातली लवंग

सलूनवाल्याची बायको रोज सकाळी नवऱ्याच्या खिशात चार लवंगा टाकायची. "दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडाशी तोंड, चघळत राहा," एवढंच म्हणायची. त्याच्या तोंडाला वास येतो, हे सहा वर्षांत तिच्या ओठांवर आलं नाही. माणूस मनाला लावून घेईल, ही धास्ती. जेवतानाही ती समोर न बसता शेजारी बसायची, आणि वाढायला बरं पडतं म्हणायची. मोठी समंजस बाई, असं सगळे म्हणत. तो समंजसपणाच नडला.

दात हलायला लागले, तेव्हा कुठे दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घालून बराच वेळ पाहिलं.

"वास हिरड्यांतून येतोय. किटण साचून आत पू झालाय, लवंगेनं वास नुसता झाकला. आता ते खरवडून काढू. रोज जीभ आणि दातांच्या फटी साफ करा, वास जाईल. पण हे तीन दात काही राहत नाहीत. दोन वर्षं आधी आला असतात, तर वाचले असते." मग त्यांनी सहज विचारलं, "घरात कुणी काही बोललं नाही?"

बायकोची नजर फरशीला खिळली.

नवरा खुर्चीत पडल्यापडल्या म्हणाला, "ती कशी बोलणार, बाई? तिला लहानपणापासून वासच येत नाही."

खालच्या मजल्यावर कुणाचं दूध करपलं तरी तिला वरून कळायचं. त्यावरून तो रोज तिची चेष्टा करायचा.